बोनाचा सोलो दौरा आणि पास्कू अंकलचं आवतण

चार चाहते एकत्र बसले की पहिल्या तासात गाणी संपतात आणि किस्से सुरू होतात. गाणी आहेत तेवढीच राहतात, किस्से मात्र वाढत जातात, कारण प्रत्येक सांगणारा त्यात आपल्या पदरचं मीठ घालतो. बोनाचा वसईचा शो उशिरा का सुरू झाला, याची मी आतापर्यंत पाच तरी कारणं ऐकली. साउंड बिघडला म्हणे. परवानगी अडकली म्हणे. बोनाला चक्कर आली म्हणे. सगळं खोटं! मी तिथे होते. पण खरं कारण सांगायचं तर आधीचे किस्से ऐकावे लागतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोना म्हणजे बोनाव्हेंचर. वसई पश्चिमेच्या केळीच्या वाडीत वाढला, चर्चच्या कॉयरमध्ये गिटार शिकला, आणि मराठीत रॉक म्हटल्यावर लोक हसायचे त्या काळात त्याने 'खाजण' नावाचा बँड काढला. आता सत्तरीकडे झुकलाय. पांढऱ्या केसांची शेंडी बांधतो, मुंबईत राहतो. त्या बँडचा ड्रमर म्हणजे पास्कू अंकल. ते वसईतच राहिले आणि आता लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतात.

दोघांचं बोलणं बंद होऊन माझ्या वयाइतकी वर्षं झाली. कारण सगळ्यांना पाठ आहे. भर कार्यक्रमात बोना माइकवरून म्हणाला होता, "पास्कू, मागे पडतोयस." अंकलनी काठ्या ड्रमवर ठेवल्या, घरी गेले आणि भात जेवून झोपले. अंकलचं म्हणणं अजून तेच आहे: "मी मागे नव्हतो. तो पळत होता."

\* \* \*

आमचा अड्डा वसई पूर्वेला, सातिवलीत. हेमंतदादाचं तिथे छोटं युनिट आहे, प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनवायचं. रविवारी मशिनं बंद असतात, तेव्हा तिथे स्पीकर लावून आम्ही बसतो. मी फुलपाड्याहून येते. काकू कामणहून येतात, मुलाच्या स्कूटरवर मागे बसून, हातात वाडीतल्या वालाच्या शेंगांची पिशवी. आणि पास्कू अंकल. ते बोनाचे चाहते नाहीत, असं ते दर रविवारी येऊन सांगतात.

काकूंचं वय बघून पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, तुम्हाला रॉक कसं काय आवडतं? काकूंनी माझ्या हातात सोलायला शेंगा दिल्या. मग कळलं की 'खाजण' एकदा कामणला गणपतीत वाजवायला आला होता. ऐन कार्यक्रमात वीज गेली. बोना माइक टाकून तसाच गायला लागला, पण पास्कू अंकलचा ड्रम तेवढ्यात फाटला. तेव्हा नव्या नवरी असलेल्या काकू घरात गेल्या आणि सासूचं भाताचं पितळी पातेलं घेऊन आल्या. अंकलनी ते पालथं घातलं आणि कार्यक्रम पुरा केला.

पातेल्याला पोचा पडला तो अजून आहे. ठोकून सरळ का करून घेत नाही, असं हेमंतदादाने विचारलं, तर काकू म्हणाल्या, "सासूनं जाताना सोनं थोरलीला दिलं. ह्ये मला दिलं. पोच्यासकट."

\* \* \*

मग दौऱ्याचं पोस्टर आलं. बोना, एक गिटार, आणि मोठ्या अक्षरांत 'सोलो'. नाशिक, पुणे, आणि शेवटचा शो वसईत.

त्या रविवारी मी फार बोलले. सोलो कसला! ही गाणी 'खाजण'च्या चौघांनी मिळून केली होती, वसईच्या मातीत केली होती. आपल्या गावात येताना तरी माणसाने आपली माणसं सोबत आणायला नकोत का? कलावंताची काही जबाबदारी असते की नाही? मी बोलत होते तोवर काकूंनी सगळ्या शेंगा सोलून टाकल्या.

हेमंतदादाने तेवढ्यात आणखी एक बातमी दिली. ड्रमसाठी बोनाने रिदम मशिन घेतलंय. बटण दाबलं की वाजतं.

आम्ही सगळे अंकलकडे बघायला लागलो. अंकल शांतपणे म्हणाले, "माझ्या जागी डबा ठेवला." आणि मग हेमंतदादाला, "तुझ्याकडे मापाचं झाकण असेल तर पाठवून दे."

\* \* \*

मला गप्प बसवेना. बोनाच्या पेजवर मी भलामोठा मेसेज लिहिला. 'खाजण', कामणचं पातेलं, वसईचा शेवटचा शो, एका स्टेजवर दोन मित्र, सगळं त्यात होतं. स्वतःचा मेसेज वाचून मलाच रडू आलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: थँक यू फॉर युअर लव्ह, आणि एक लाल बदाम. मॅनेजरने पाठवलेलं असणार!

मी तणतणत अंकलना म्हटलं, बोनाने नुसता एक फोन केला तरी तुम्ही जाल ना?

अंकल म्हणाले, "फोनवर सांगतात ती बातमी. घरी येऊन सांगतात ते आवतण."

"अंकल, आजकाल लग्नाच्या पत्रिकासुद्धा व्हॉट्सॲपवर येतात."

"येतात. मग मी तिथे वाजवायला जातो. जेवायला नाय जात."

एवढीच अट होती. बोनाने अंकलच्या दारात यायचं आणि 'ये' म्हणायचं. वसईच्या शोला अजून दोन महिने होते, आणि मी ठरवून टाकलं की हे झालंच पाहिजे.

\* \* \*

नाशिकला आम्ही हेमंतदादाच्या टेम्पोतून गेलो. मागे झाकणांची पोती होती, ती वाटेत उतरवायची होती. अंकल आले नाहीत. चर्चमधलं लग्न आहे, बँडचं काम आहे, म्हणाले.

काकूंच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. शो संपल्यावर सहीसाठी रांग लागली तेव्हा कळलं. लोकांनी जुन्या कॅसेट आणल्या होत्या, टी-शर्ट आणले होते. काकूंनी पातेलं पुढे केलं.

बोनाने ते हातात घेतलं, पोच्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "हे वाजवणारा कुठे असतो?"

"हितंच आला असता, पन आज लग्नात वाजवतोय. तुमच्या देवळात लग्न हाये म्हने."

"आमच्या देवळात? आत्ता?"

आणि बोना हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला, मॅनेजर पाणी घेऊन धावला. आम्ही तिघं बावळटासारखे उभे. लग्नात हसण्यासारखं काय आहे, हे परतीच्या वाटेवर आम्ही कसाऱ्यापर्यंत चर्चा करूनही कुणाला सांगता आलं नाही.

\* \* \*

पुण्यालाही अंकलचं लग्नच निघालं. माझा तर संताप झाला. लोकांना सुद्धा नेमके त्याच दिवशी मुहूर्त सापडतात!

पुण्याच्या शोला दारातच सगळ्यांचे मोबाइल पिशवीत घालून सील केले होते. बोनाला ते शूटिंग अजिबात आवडत नाही. पुढच्या रविवारी सातिवलीत आम्ही अंकलना तिथलं सांगत होतो, तर अंकल मध्येच म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात पळाला. मशिन बरोबर होतं. बोना पळाला."

हेमंतदादा म्हणाला, "अंकल, तुम्ही तर लग्नात होता."

"व्हिडिओत बघितलं."

"व्हिडिओ काढूच दिला नाही तिथे."

अंकलनी हेमंतदादाकडे बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुझा हा पंखा फार आवाज करतो. ऑइल घाल."

\* \* \*

याचा छडा मला मेरी आंटींकडे लागला. मेरी आंटी म्हणजे पास्कू अंकलची बायको. अंकल घरी नाहीत हे बघूनच मी गेले होते. म्हटलं, आंटींना मध्ये घालू, त्या तरी बोनाशी बोलतील.

मी तोंड उघडायच्या आतच आंटी म्हणाल्या, "बोना येऊन गेला. दोनदा."

मी उडालेच!

नाशिकच्या शोनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बोना गाडी घेऊन थेट दारात. अंकल घरात नाहीत. पुण्याच्या शोनंतरही तेच. आंटींनी चहा दिला, म्हणाल्या, मला सांग, मी निरोप देते. तर बोना म्हणाला, नको, ज्याचं आवतण त्यालाच, मी येऊन गेलो हेही सांगू नको.

"पण अंकल होते कुठे?" मी विचारलं.

"म्हणजे? तुमच्याबरोबर ना! तुमच्या टेम्पोतनं जातो, एसटीने मागाहून येतो, असं सांगून गेला."

"आंटी, आम्हाला तर लग्न आहे म्हणून सांगितलं. चर्चमध्ये."

आंटी माझ्याकडे बघत राहिल्या. फुलपाड्याच्या पोरीला एवढंही माहीत नसतं याचं त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "अगं, उपवासकाळ चालू आहे. ईस्टर होईपर्यंत आमच्यात लग्नं नाय लागत."

तर असं होतं. हा माणूस गुपचूप एसटीने जात होता, शेवटच्या रांगेत बसून बोनाला ऐकत होता. आणि बोना गाडीने त्याच्या आधी वसईला पोचून आवतण न देताच, नुसता चहा पिऊन परत जात होता.

मी लगेच फोन काढला. आंटींनी माझा हात धरला. "तू मध्ये पडू नको. आणि त्याला सांगायचं नाय. मला खोटं सांगितलं ना? बसू दे तसाच. बोनाला गरज असेल तर तिसऱ्यांदा येईल."

"आणि नाही आला तर?"

आंटींनी चहाचे कप उचलले. "मग नाय आला."

ते तीन आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. सांगून टाकावं असं दर रविवारी ओठांवर यायचं. काकूंना मी सांगितलं होतं. त्या मला कोपराने ढोसायच्या.

\* \* \*

वसईचा शो ईस्टरनंतरच्या शनिवारी होता, चर्चजवळच्या मैदानावर. त्याच्या आधीच्या रविवारी अंकल म्हणाले, "शनिवारी मला जमणार नाय. लग्न आहे."

आम्ही तिघंही एकदम हसलो. काकूंनी तर डोळ्याला पदर लावला. "आता कोनाचं लग्न, अंकल?"

अंकल रागावले. पण खरंच लग्न होतं! उपवासकाळ संपला होता, पहिल्याच शनिवारी तारीख धरलेली होती, आणि मांडव शोच्या मैदानाच्या मागच्या गल्लीत होता. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. अंकल म्हणाले, "नवरी मांडवात शिरेपर्यंत बँडवाल्याने हलायचं नसतं. शब्द दिलाय."

"आणि बोनाने बोलावलं तर?"

"कुठे बोलावलं?"

माझी जीभ वळवळली. काकूंचं कोपर बरगडीत बसलं.

\* \* \*

शनिवारी मैदान भरलं होतं. वाडीतले म्हातारे टोप्या घालून पुढच्या खुर्च्यांवर, कॉलेजची पोरं मागे उभी. स्टेजवर एक माइक, एक स्टूल, आणि ते मशिन, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. सात वाजले. बोना नाही. साडेसात झाले. मॅनेजर घाम पुसत दोन फोनवर बोलत होता. बोना दुपारीच वसईत आलाय, एका घरी जाऊन येतो म्हणून निघाला, तो आलाच नाही, फोन लागत नाही. लोक शिट्ट्या मारायला लागले.

मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. मी मागच्या गल्लीकडे पळत सुटले. काकू ओरडल्या, "अगं चप्पल घाल!"

मांडवाच्या दारात लग्नाचा बँड उभा होता. लाल कोट, सोनेरी पट्ट्या. सगळ्यात पुढे पास्कू अंकल, गळ्यात साइड ड्रम. आणि त्यांच्या शेजारी, झांजा हातात घेऊन, पांढरी शेंडी बांधलेला बोना! त्याला कुणीतरी लाल कोटही चढवला होता. बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या.

मी धापा टाकत म्हटलं, "सर, तिकडे सगळं मैदान थांबलंय. पाऊण तास झाला. चला ना!"

बोनाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर गल्लीच्या तोंडाशी होती. म्हणाला, "जरा बाजूला उभी राहा. आवतण दिलंय, पण नवरी फोटो काढायला समुद्रावर गेलीय. अजून यायचीय."

तेवढ्यात फुलं लावलेली गाडी वळली. अंकलनी काठ्या उचलल्या, आणि मान न वळवता म्हणाले, "माझ्या मागून ये. पळायचं नाय."

बोना म्हणाला, "बरं, मास्तर."