गालातला श्वास

आधी दीदीचं सांगते, बाकीचं मागून. तेलीबागेत राहणारी, मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी करणारी, लूनावरून येणारी ही मुलगी माझ्यापेक्षा वयानं लहान आहे. तरी मी तिला दीदीच म्हणते, कारण वॉर्डातली सगळी माणसं तिला तसंच म्हणायची आणि मला दुसरं काही सुचायचं नाही. आमचे हे आज खाटेवर पाय पसरून झोपतात, घोरतातसुद्धा. हे तिच्यामुळे. डॉक्टरांनी यांचा जीव वाचवला, त्यांचे उपकार आहेतच. पण वाचलेल्या माणसाला पुन्हा श्वास घ्यायला दीदीनं शिकवलं. आणि मलाही.

आम्ही खानापूर तालुक्यातले. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला केर, सगळं भट्टीत घालून त्यातलं सोनं-चांदी वेगळं करायचं, हे आमचं काम. थोरल्या दिरांची भट्टी अमीनाबादेत होती, म्हणून लग्नानंतर मी लखनौला आले. आठवीत शाळा सुटलेली, हिंदी म्हणजे सब्जीवाल्या भैयाशी बोलण्यापुरती.

त्या हिवाळ्यात यांना न्यूमोनिया झाला. छातीत गलाईतल्या तेजाबाचा, ॲसिडचा धूर आधीच बसलेला, वरून हा ताप. एका सकाळी यांचे ओठ निळे पडले आणि दिरांनी रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. तिथून थेट आयसीयू. घशात नळी, मशीन श्वास देतंय, आणि नळी ओढू नये म्हणून दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले. मी बाहेरच्या बाकावर. भेटीच्या वेळी आत जायचे, बांधलेल्या हातावर हात ठेवायचे, बाहेर यायचे. यांना त्यातलं काही आठवत नसेल असं मला वाटायचं.

आठवत होतं. वेगळंच आठवत होतं. नळी निघाली, वॉर्डात आले, घरी आले, छातीचा फोटो साफ आला, डॉक्टर म्हणाले फेफडे ठीक आहेत, आता चालायचं, खायचं आणि आराम करायचा. पण हे आडवेच होईनात. पाठ गादीला टेकली की दचकून उठायचे आणि दोन्ही मनगटं चोळत बसायचे. दुपारी म्हणू नका, संध्याकाळी म्हणू नका, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डुलकी घ्यायचे.

मला एवढंच म्हणाले, "आडवं झालं की नळी परत येती गं घशात. आन् भट्टी माझ्या छातीवर मांडल्यागत वाटतंय. कुणी सोडवाया येत न्हाई."

दिरांचं म्हणणं, गावाकडं नेऊ, हवा बदलली की माणूस सुधारतो. मी हो म्हणत नव्हते. जो माणूस स्वतःच्या खाटेवर पडू शकत नाही तो गाडीच्या बर्थवर एवढा लांबचा प्रवास कसा करणार? आणि न झोपता माणूस किती दिवस टिकतो? मला रात्रंदिवस एवढाच घोर होता.

दीदी वॉर्डात यांची पाठ थोपटायला यायची तेव्हाच तिनं ओळखलं होतं. घरी जायच्या दिवशी खाटेचा दांडा धरून ताठ बसलेल्या यांच्याकडे बघत ती म्हणाली, अमीनाबादला मला यायचंच असतं, काही ना काही खरेदी असते, येऊन जाईन. आणि खरंच ड्यूटी संपवून आली. लूना चौकात लावून, गर्दीतून वाट काढत, जिना चढून. पुढे वरचेवर येत राहिली. दर वेळी सांगायची की आज अस्तर घ्यायचंय, आज लेस घ्यायचीय. जाताना हात रिकामेच असायचे. तेलीबाग अगदी दुसऱ्या टोकाला आहे हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा तिनं पाण्यानं अर्धी भरलेली बाटली आणि एक रबरी नळी आणली. नाकानं श्वास घ्यायचा आणि नळीतून सावकाश सोडायचा, पाण्यात बुडबुडे आले पाहिजेत. दमलेले रोगी तीन-चार बुडबुड्यांत थांबतात म्हणे. यांनी नळी तोंडात धरली आणि बुडबुडे सुरू झाले ते थांबेचनात. एकसारखी धार. दीदी घड्याळाकडे बघते, यांच्याकडे बघते, बाटलीकडे बघते.

"भैया," ती म्हणाली, "आप बीमार हैं कि बैंड-बाजे वाले हैं?"

आजारपणानंतर हे पहिल्यांदा हसले. दिरांना तर अभिमानच वाटला. खाली दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की धाकटा भात्यासारखा फुंकतोय, आता कसलं आजारपण. पण बाटली बाजूला ठेवून दीदीनं आडवं व्हायला सांगितलं तसे हे पुन्हा उठून बसले, मनगटं चोळायला लागले. पुढच्या खेपेलाही तेच. बाटलीत पहिला नंबर, गादीवर नापास.

मग एका संध्याकाळी दीदीनं बाटली चालू असतानाच यांच्या पोटावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग मला बोलावून माझा हात ठेवला. पोट जागचं हलत नव्हतं. बुडबुडे मात्र जोरात.

"ये हवा आ कहाँ से रही है?" तिनं मला विचारलं.

मला त्यात नवल वाटलं नव्हतं म्हणून मी सांगितलं नव्हतं. आमच्यात बारीक तुकडा वितळवायचा तर दिव्याच्या ज्योतीवर वाकडी फुंकणी धरतात. मधे फुंकर तुटली की तुकडा थंड होतो, काम बिघडतं. म्हणून शिकाऊ माणसाला पहिल्यांदा हेच शिकवतात: गालात वारा भरून ठेवायचा, गाल दाबून तो सोडत राहायचा, तेवढ्यात नाकानं चोरून थोडा घ्यायचा. छातीला कामच नाही. आणि धूर वर आला की मान फिरवून श्वास धरून ठेवायचा. हे आमच्या माणसांच्या अंगातच बसलेलं असतं. तोंडात नळी दिली की यांचे गाल आपोआप कामाला लागत होते. माझ्या मोडक्या हिंदीत हे सांगितलं, गाल फुगवून दाखवलं.

दीदी आधी हसली. मग म्हणाली, मी पण कमाल आहे, बाटलीकडेच बघत बसले. आणि भीती वाटते तेव्हा हे काय करतात, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, धूर आल्यावर करतात तेच. मान फिरवतात, श्वास धरतात.

"बस, यही पकड़ना है," ती म्हणाली.

नळी तिनं पिशवीत टाकली ती कायमची. तोंड मिटून गुणगुणायला सांगितलं, भुंग्यासारखं. आवाज गालातून काढता येत नाही, छातीतला श्वास बाहेर पडल्याशिवाय तो निघतच नाही. यांनी पहिल्यांदा केलं तेव्हा घशात जरासं घरघरलं आणि संपलं. बाटलीचा पहिलवान इथं पार भुईला टेकला. खरी ताकद एवढीच उरली होती हे तेव्हा दिसलं. हे खजील झाले, पण दीदी खूश. आता खरं काम सुरू झालं म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. तू स्वतः श्वास घेतेस का, असं तिनं विचारलं. मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती म्हणाली, तू त्यांच्या छातीकडे डोळे लावून, स्वतःचा श्वास धरून बसतेस. ते तुझ्या तोंडाकडे बघतात आणि त्यांना वाटतं की आता काहीतरी होणार. म्हणून आधी तू श्वासावर ध्यान लावायला शीक.

ध्यान म्हणजे साधू-संतांचं काम, आठवीत शाळा सोडलेल्या बाईचं नव्हे, असं मी तिला बोलूनही दाखवलं. तिनं सोपं केलं. श्वास आत येताना काही करू नकोस, पाहुणा आपसूक येतो. बाहेर जाताना मात्र त्याच्याबरोबर चाल, गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून ये. घाई करून त्याला ढकलू नकोस. मन बाजारात गेलं तर रागावू नकोस, पुढच्या पाहुण्याबरोबर निघ. हे मला कळलं. पाहुणा सोडायला जाणं मला येत होतं.

आणि तिनं आम्हा दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. एकमेकांचं तोंड बघायचं नाही, फक्त पाठ जाणायची. मी गुणगुणायचे, तो कंप यांच्या पाठीत जायचा, मग हे गुणगुणायचे. मला लाज वाटायची, पदर सावरून बसायचे. एकदा दीर दुधाची पिशवी घेऊन वर आले आणि दारातच थबकले.

"भांडलासा व्हय?" म्हणाले. "आजारी माणसासंगं तरी भांडू नगा."

आम्ही सांगितलं तर त्यांना पटेना. पण जाताना जिन्यावर ते स्वतः गुणगुणत उतरले, ते आम्ही दोघांनी ऐकलं.

हळूहळू यांचं घरघरणं लांबलं. पाठीला पाठ लावली की त्यांचा श्वास खाली उतरलेला मला कळायचा, कंबरेपाशी भाता फुगल्यासारखा. दीदीनं सांगितल्याप्रमाणे भिंतीपाशी उशांची चळत लावली, तिला टेकायचं, आणि जमलं की वरची एक उशी काढायची. डोळे उघडे ठेवायचे. मनगटांवरून बांगड्या सरकवल्यासारखा हात फिरवून, मोकळी आहेत हे स्वतःला सांगायचं. खाली रस्त्यावर काय काय ऐकू येतंय ते बोलून दाखवायचं. हे म्हणायचे, रिक्षाची घंटा, चादरवाला, कुणीतरी भैयाला शिव्या देतंय.

एका दुपारी शेवटची उशी उरली. हे टेकले आणि श्वास अडला. मला दिसलं, मान फिरली, छाती दगड झाली. आधीची मी असते तर धावून त्यांना उठवून बसवलं असतं. मी जागची हलले नाही. भिंतीला पाठ लावून बसले आणि गुणगुणायला लागले. श्वास मी गल्लीच्या तोंडापर्यंत सोडला. पुन्हा सोडला. कितीतरी वेळानं यांचा आवाज माझ्या आवाजात मिसळला, बारीक, मग जाड, मग तो तुटत तुटत गेला. मी बघितलं तर तोंड उघडं, डोळे मिटलेले. झोपले होते. पोट वर-खाली होत होतं.

दीर गाडीच्या रिझर्वेशनचं विचारायला वर आले. मी ओठांवर बोट ठेवलं. ते दारात उभं राहून बघत राहिले, मग डोळे पुसत खाली गेले. गावाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

दीदीला सांगितलं तेव्हा ती फक्त "अच्छा?" म्हणाली आणि चहा मागितला. नंतर कमी यायला लागली, कारण तिचं काम झालं होतं. तिची अम्मा दम्याची आहे, हे त्या दिवशी चहा पिताना कळलं. जगाला शिकवते पण अम्मा माझं ऐकतच नाही, घरच्या मुलीचं कोण ऐकतं, असं ती म्हणाली. दिवसभर हॉस्पिटल आणि घरी अम्मा, तिला कुठं पाठ टेकायला मिळत असेल?

मी तेव्हाच म्हटलं, मी येऊन बसते. ती हसून म्हणाली, अभी नहीं, लागेल तेव्हा बोलवेन. बोलवेल याची मला खात्री नाही, म्हणून वाट बघणार नाही. आजाऱ्यापाशी न घाबरता बसणं आता मला येतं. दीदी, एक दिवस मी तेलीबागेला येणार, तुझ्या अम्माच्या पाठीला पाठ लावून बसणार. ती माझं ऐकेल, मी घरची नाही ना. तेवढा वेळ तू आतल्या खोलीत जाऊन झोप.