पिशवी

माझी मुलगी चौतीस वर्षांची आहे, समज मात्र लहान पोरीची. नवरा गेल्यावर मी कचेरीत जाऊन तिच्या पालकत्वाचा कागद केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजी, सही तुमची चालेल, पण शरीर तिचं आहे. तिच्या भल्याचं असेल तिथंच सही करा." मी चौथी शिकलेली, पण एवढं कळलं.

धाकटी जाऊ निघोज्याला असते. माझ्यामागं पोरीला सांभाळू, असं तिनं आणि दिरानं कबूल केलं होतं. त्या भरवशावर मला झोप लागायची. उन्हाळ्यात ती दिघीला माझ्या खोलीवर आली. आकुर्डीच्या एका डॉक्टरांना परस्पर विचारूनही आली होती.

"अक्का, पोरीची पिशवी काढून टाका. पालकाची सही आणा म्हणालेत डॉक्टर."

"गर्भपिशवीला काय धाड भरलीय तिच्या?"

"दर महिन्याला डाग कोण धुणार? घरात दोन सुना हायेत माझ्या."

"धुती की ती. शिकवलंय मी."

"आन उद्या कुणी काय केलं तर?"

"पिशवी काढली म्हणून करणारा थांबतो व्हय? फक्त दिवस जात न्हाईत, म्हणून कुणाला कळत न्हाई."

जाऊ म्हणाली, "काढा, तरच मी नेईन. न्हाईतर तुमचं तुमी बघा."

पोरगी भिंतीला टेकून ऐकत होती. ती उठली, खिळ्यावरची बाजाराची पिशवी काढली, खाली टाकली आणि तिच्यावर बसली.

"माझी हाय. न्हाई देणार."

जाऊ हसून हसून बेजार. "ह्या येडीला विचारून करणार का आता?"

पोरगी बाजाराच्या पिशवीचंच बोलत होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आपलं काहीतरी काढून घेतायत, हे तिला बरोबर कळलं होतं. आणि ती नाही म्हणाली होती.

"न्हाई म्हणाली ती," मी जावेला सांगितलं. "मी सही करणार न्हाई."

जाऊ चहा तसाच ठेवून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही, दिराचाही नाही. माझ्यामागं कोण, याला आता उत्तर नाही. बोलायलाही कुणी नाही. शेजारणी कामावर जातात, आणि पोरीजवळ शब्द थोडे.

ती पिशवी ती अजून उशाखाली घेऊन झोपते. बाजाराला निघाले तरी देत नाही. मी भाजी पदरात आणते.