जेवन झाला का?

आमच्या नेरुळच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा एकच फोन होता, तळमजल्यावरच्या मावशीकडे. ती मूळची इथल्याच सारसोळे गावची. कुणाचाही फोन आला की ती जिन्यात हाक मारायची आणि माणूस खाली उतरेपर्यंत पलीकडच्याशी बोलत राहायची. आपण गप्प बसलो तर समोरचा ठेवून देतो, अशी तिची खात्रीच होती. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवन झाला का?"

अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी मला एम.एस.ला घेतलं होतं. पहिल्याला उद्याच होकार कळवायचा होता. मला मात्र दुसरीकडे जायचं होतं, आणि तिथून स्कॉलरशिपचं काही कळत नव्हतं.

संध्याकाळी हाक आली. "ये खाली, तुजा अमेरिकावाला हाय."

मी अनवाणीच धावले. मावशी त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या प्रोफेसरांना सुकटीचं कालवण समजावत होती, आपल्या बोलीत, अगदी सावकाश. रिसीव्हर घेतला तर ते हसत होते. मग म्हणाले, फी माफ, वर दरमहा पैसे.

"पैसे देतो ना तो?" मावशीनं विचारलं. मी नुसती मान हलवली.

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि तोच हात रिसीव्हरसाठी पुढे केला.

"त्याला बोल, ठेवू नको. जेवन झाला का, ते त्यानी अजून सांगितलाच नाय."