चहा झाल्यावर न निघणारी गाडी

पडदा वर जातो तेव्हा समोर एका बंगल्याचा पोर्च दिसतो. लखनौ, अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना, दुपारचे चार. मधोमध लालभडक अमेरिकन मोटार, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. सात माणसं तिला मागून ढकलताहेत आणि ती वीतभर सरकून थांबते आहे. उजवीकडे व्हरांड्यात कानपूरचे पाहुणे उभे आहेत. मुलगी बघायला आलेले. त्यांना स्टेशनवर सोडायचं आहे आणि त्यांच्यातल्या एका बाईंना हसू आवरत नाही. मागे खांबाजवळ एक सावळा, ठेंगणा माणूस हातात चिंधी धरून उभा आहे. बंगल्याचे मालक सुधीरबाबू घाम पुसतात, वळतात आणि त्या माणसाकडे बोट करतात.

"इसी का हाथ लगा है. इन लोगों को छूने दो तो यही होता है."

मी तिथेच होते. सुधीरबाबूंच्या धाकट्या मुलीला शाळेच्या नाटकातली भाषणं शिकवायला मी जात असे, म्हणून मलाही चहाला बोलावलं होतं. आयुष्यभर रंगमंचावर मोठ्या आवाजात बोलले मी, पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो सुधीरबाबूंवरच्या रागापेक्षा कमी नाही.

तो माणूस म्हणजे आत्माराम गजभिये. मूळचा भंडाऱ्याकडचा, एका सरकारी खात्याच्या मोटार वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तेलीबागेत आमच्या घरापासून चार घरं पलीकडे तो आणि त्याची बायको द्रौपदी राहत. माझे यजमान छावणीच्या हिशेब कार्यालयात होते. फिरती नाटक कंपनी सोडून त्यांच्या मागोमाग मी लखनौला आले, तेव्हा इथे मराठी नाटक करायचं म्हटलं तर पाच माणसं मिळणं कठीण होतं. आत्माराम आपणहून आला. "जय भीम, बाई. मला बोलता येणार नाही. पडदा ओढीन, दिवे बघीन." आणि चौदा वर्षं त्याने पडदा ओढला, दिवे बघितले. दिवे हळूहळू विझवायचं यंत्र कुठून आणणार? त्याने मिठाच्या पाण्याच्या दोन बरण्या आणि तांब्याच्या पट्ट्या घेतल्या, वीज आणि धग अडवणाऱ्या जुन्या बेकलाइटच्या जाड काळ्या पाटीवर बटणं बसवली, आणि आमच्या स्टेजवर संध्याकाळ होऊ लागली. एखादा दिवा फुरफुरला तर बाकीचे लगेच तारा ओढू लागत. तो म्हणायचा, "थांबा. पुन्हा बिघडू द्या. बिघडताना बघितल्याशिवाय हात लावायचा नाही."

असा माणूस गाडी बिघडवेल?

सुधीरबाबू इंदिरानगरच्या बाजूला घरं बांधणारे ठेकेदार. वर्कशॉपचे अधीक्षक त्यांचे सख्खे मेहुणे. एक परदेशी तज्ज्ञ मायदेशी परतताना मागे ठेवून गेलेली ही गाडी सुधीरबाबूंनी हौसेने घेतली होती, आणि मेहुण्याच्या मोटारीचं कोडकौतुक करायला अधीक्षक आपल्या मेकॅनिकला रविवारी बंगल्यावर पाठवत. सरकारी माणूस, खासगी गाडी, सुट्टीचा दिवस. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आत्मारामने दोन दिवस आधी कार्बोरेटर साफ करून दिला होता, आणि पाहुणे येणार तेव्हा हाताशी असावा म्हणून त्या दिवशीही त्याला बोलावलं होतं. बस, एवढा त्याचा गुन्हा.

पाहुणे टांग्याने गेले. लग्न मोडलं असं नाही, ते जमणारच नव्हतं. पण घरात तसं कोणी म्हणेना, खापर आत्मारामवर फुटलं. आठवड्याने आत्मारामच्या हातात कागद आला. "वरिष्ठांनी सोपवलेल्या कामात निष्काळजीपणा व जाणूनबुजून बिघाड." गाडी खासगी, ठपका मात्र सरकारी फायलीत. चार्जहँडची, म्हणजे पाळीतल्या मेकॅनिकांवरच्या प्रमुखाची, जागा दोन महिन्यांत भरायची होती आणि आत्माराम यादीत पहिला होता. हा कागद फायलीत राहिला तर ती जागा गेलीच, आणि पुढेही कोणीही फाईल उघडून म्हणणार, हा तर जाणूनबुजून बिघडवणारा.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. द्रौपदी भाजी चिरत होती आणि विळीचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता.

"काऊन गेले होते रविवारी? मी सांगितलं होतं ना?"

"साहेबाने बोलावलं होतं," आत्माराम म्हणाला.

"साहेबाले आठवड्यात सात सोमवार दिसतात काय?" मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "बाई, हे तिकडे तोंड उघडत नाहीत अन् घरी आल्यावर त्या गाडीचं नाव घेऊन बसतात. जेवताना गाडी, आंघोळीला गाडी. सवत बरी."

आत्माराम हसला नाही. "ती गाडी तीनदा वर्कशॉपात आली, बाई. तीनदा पहिल्या चावीला सुरू झाली. रजिस्टरमध्ये लिहिलं, दोष आढळला नाही. मग सगळे म्हणतात, गजभियेच्या हाताखाली चालते अन् मालकाच्या हाताखाली बंद पडते, म्हणजे गजभियेचीच करामत."

गाडी वर्कशॉपात कशी येत असे हे त्याने दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर जयसिंगला विचारलं. जयसिंग जुन्या रिवाजाचा माणूस. साहेबांची गाडी दुसऱ्याच्या दारात मळकी, तापलेली कशी न्यायची? पहाटे उठून तो तिला न्हाऊ घालायचा, पाण्याने बॉनेट गार करायचा, सकाळी सातला वर्कशॉपच्या झाडाखाली लावायचा आणि साहेब लोक येईपर्यंत दोन तास वाट पाहायचा. आजारी माणसाला ताप उतरल्यावरच डॉक्टरकडे न्यायचं, तशातला प्रकार.

मग आत्मारामने त्याला एकेक जागा विचारली. बंद कुठे पडली? चौक मोहल्ल्यात साहेबांच्या मावशीच्या हवेलीवर. बँकेच्या मॅनेजरच्या घरी. वकीलसाहेबांकडे दोनदा. आणि कुठे पडली नाही? पेट्रोल पंपावर कधीच नाही. मुलीची पत्रिका फक्त दारात देऊन परतलो तिथे नाही. रात्रभर उभी राहिल्यावर नाही.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. चेहऱ्यावर मी ओळखत होते ती झाक होती, बिघडलेला दिवा सापडल्याची.

"बाई, जिथे साहेबाने चहा घेतला तिथे गाडी बंद पडली."

लखनौत चहाशिवाय कोणी सुटतो का? आणि चहा झाला तरी फाटकापाशी "पहले आप" म्हणत आणखी दहा मिनिटं. म्हणजे वीस ते चाळीस मिनिटं. आत्मारामने मला समजावून सांगितलं ते असं. इंजिन चालू असतं तोवर पंखा वारा देतो, गार पेट्रोल वाहत राहतं. बंद केलं की वारा थांबतो आणि इंजिनाची सगळी धग वर, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरमध्ये चढते. त्यातलं पेट्रोल उकळतं आणि आपोआप इंजिनात सांडतं. लगेच चावी फिरवली तर ते अजून उकळलेलं नसतं, तासा-दोन तासांनी सांडलेलं उडून गेलेलं असतं. मधल्या वेळात मात्र इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरलेलं. त्यात जयसिंग घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दणादण दाबायचा आणि आणखी पेट्रोल ओतायचा.

"कार्बोरेटरच्या खाली धग अडवायला जाड पट्टी असते," तो म्हणाला. "मी साफ केला तेव्हा तिथे नुसता कागदी वायसर होता. वाटलं, या गाडीला असंच असेल. या जातीच्या गाडीचा कार्बोरेटर मी आधी कधी उघडला नव्हता. ती माझी चूक. जयसिंगला विचारलं तेव्हा कळलं, साहेबांनी शहरातल्या दुकानात कार्बोरेटरवर चकचकीत झाकण बसवून घेतलं. ते उंच पडलं, बॉनेट लागेना. म्हणून दुकानदाराने खालची पट्टी काढून फेकली."

"मग जाऊन सांग त्यांना."

"माझ्या सांगण्यावर विश्वास असता तर कागद निघाला असता का? त्यांच्या डोळ्यांसमोर बिघडली पाहिजे. तुमच्याकडे, बाई. पंचवीस मिनिटं बसवून ठेवा. कमी नको."

मुलीच्या भाषणाबद्दल बोलायचं आहे असं सांगून मी सुधीरबाबूंना आणि अधीक्षकांना दुपारी तीनला चहाला बोलावलं. खुर्च्या आत्मारामने मांडल्या, दोन्ही खिडकीकडे तोंड करून, म्हणजे गाडी सतत त्यांच्या नजरेसमोर. स्वतः तो रस्त्यापलीकडे मोरीच्या कठड्यावर बसला आणि जयसिंगलाही त्याने शेजारी बसवून घेतलं.

मी माझ्या हयातीत राण्या केल्या, विधवा केल्या, एकदा तर नट आजारी पडला म्हणून सेनापती केला. पण त्या पंचवीस मिनिटांइतकं जीव तोडून काम कधी केलं नसेल. बाराव्या मिनिटाला सुधीरबाबू उठले. मी चिवडा आणला. सतराव्याला अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी त्यांना आमच्या नाटकातल्या महाराजांची मिशी भर दरबारात प्रधानाच्या पगडीला कशी चिकटली ते करून दाखवलं. पुन्हा बसले.

सव्वीस मिनिटांनी ते गाडीत बसले. जयसिंगने चावी फिरवली. स्टार्टर घुरघुरला, पण गाडी निघाली नाही.

आत्माराम हात पाठीमागे बांधून आला. "साहब, मैं हाथ नहीं लगाऊँगा. आप ही ढक्कन खोलिए."

सुधीरबाबूंनी स्वतः ते चकचकीत झाकण काढलं आणि आत वाकले. इंजिन बंद, कोणाचा पाय कशावर नाही, आणि कार्बोरेटरच्या घशात टपटप पेट्रोल गळत होतं. वास माझ्या ओट्यापर्यंत आला. त्यांनी हात आत नेला आणि चटका बसून मागे घेतला.

"जयसिंगभाई, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून ठेवा. पंप नका करू. आता चावी."

गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि सुरू झाली.

"वाह, उस्ताद," सुधीरबाबू म्हणाले आणि हात खिशात घातला. "तो इलाज क्या है?"

आत्मारामने पिशवीतून काळा तुकडा काढला. मी तो लगेच ओळखला. आमच्या दिव्यांची बेकलाइटची पाटी त्याने कापली होती, मला विचारूनच. चार भोकं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. हा बसवायचा, चकचकीत झाकण काढून गाडीचं मूळचं चपटं झाकण लावायचं, पेट्रोलची नळी तापणाऱ्या भागापासून दूर बांधायची. मग कितीही चहा प्या.

"तो इतवार को आ जाओ," अधीक्षक म्हणाले.

"पहले मेरा काग़ज़, साहब."

"अरे, मुँह से कह तो दिया उस्ताद. काग़ज़ का क्या है?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सात माणसांसमोर, पाहुण्यांसमोर बोट करताना तोंड कमी पडलं नव्हतं, कागदही कमी पडला नव्हता. आता मात्र एक 'उस्ताद' म्हटलं की सगळं फिटलं. यावेळी मी गप्प राहिले नाही. "अधीक्षकसाहेब," मी म्हणाले, "माझ्या घरात टेबल आहे, दौत आहे. बसा."

आत्माराम मात्र शांत होता. त्याने तुकडा पुन्हा पिशवीत ठेवला. चौकशी मागण्याचा हक्क आपल्याला आहे, तो म्हणाला, आणि चौकशी झाली तर गाडी कोणाची आणि दिवस कोणता हेही लिहावं लागेल. अधीक्षकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने गाडीकडे पाहिलं.

पुढचं आताच सांगते. चार्जहँडची जागा त्याला मिळाली, पण एक वर्ष उशिरा. मधल्या काळात ती त्याच्याहून सात वर्षं कनिष्ठ माणसाने भोगली. का, ते कोणी सांगितलं नाही. आमच्या स्टेजवर पुढची दोन नाटकं धडाधड उजेडात आणि धडाधड अंधारात झाली, नवी पाटी मिळेपर्यंत. आणि रविवारी आत्माराम त्या बंगल्यावर फक्त एकदा गेला, तो तुकडा बसवायला.

त्या दुपारी अधीक्षक माझ्या टेबलाशी बसले. बॅगेतून कार्यालयाचा कागद काढला आणि ठपका चुकीच्या समजुतीने दिला होता, तो मागे घेण्यात येत आहे, असं चार ओळींत लिहिलं. सही केली. पेनाला टोपण लावलं. कागद टेबलावरून पुढे सरकवताना त्यांनी मान वर केली नाही.

आत्मारामने चिंधीला हात पुसले, कागद उचलला, उभ्याउभ्या पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. मग तो पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "साहब, तारीख रह गई."