साबणातली भाकर

साबण करताना शेळीचं दूध तसंच कॉस्टिक सोड्यात ओतलं तर करपतं, आणि मग घरात जो वास सुटतो तो दोन दिवस जात नाही. म्हणून दूध आधी फ्रीजरमध्ये गोठवायचं आणि त्या बर्फावर चिमूट चिमूट कॉस्टिक टाकत ढवळत बसायचं. सहा वर्षं हेच करतेय. खरं सांगू? थकले आता. दोन शेळ्यांची धार, चारापाणी, त्यात मनगट रात्रंदिवस ठणकतं. चिखलीच्या बाजारात लोक वडी हुंगतात आणि विचारतात, "याले फेस येते का?" येते बाप्पा, येते!

तरी सोडवत नाही, ते नक्षीपायी. माझ्या मायनं जन्मभर गोधड्या शिवल्या. मला सुई कधी धड धरता आली नाही, म्हणून मी तिच्या गोधड्या साबणात करते. हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा, कोळशाचा काळा असे साबण आधी करून ठेवायचे, त्यांच्या लांब पट्ट्या कापून साच्यात तिच्या चौकटींसारख्या रचायच्या आणि वरून दुधाचा पांढरा घोळ ओतायचा. दुसऱ्या दिवशी आडवं कापलं की वडीवडीवर गोधडीचे चौकोन दिसतात.

मायला हे कधी पटलं नाही. काचबिंदूनं तिचे डोळे गेलेत. वाळलेली वडी ती बोटानं चाचपते आणि खाली ठेवते. "मोरीत वाहून जाणार, त्याले कायची नक्षी?" सहा वर्षांत तिनं एकदा तरी बरं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. साठीला आलेली बाई मी, अजून आईच्या शाबासकीसाठी झुरते. सांगायलाही लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात बुलढाण्याच्या एका प्रदर्शनासाठी मी तिच्या सगळ्यात जुन्या गोधडीची नक्षी घेतली. मी पट्ट्या रचत होते, ती बाजेवरून सांगत होती, कोपऱ्यात तांबडा, मधात पिवळा. घोळ ओतला, फडकं झाकलं आणि शेळ्या बांधायला गेले.

दुसऱ्या दिवशी कापायला बसले तर सुरी मधेच घसरली. आत ओला, तपकिरी खड्डा. काडीनं उकरलं तर निघाला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा! घरात आम्ही दोघीच. माझं डोकंच फिरलं.

"माय, हे काय करून ठेवलं? सारा साचा वाया गेला! डोळे गेले तरी तुले सुखानं बसवत नाही का?"

पदराखालचा हात तिनं आणखी आत ओढला. मी तो बळेच बाहेर काढला. बोटाचं टोक भाजून पांढरं पडलेलं, कातडी सोललेली. ताजा साबण अंग जाळतो, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

"कालपासून लपवून राह्यली? सांगितलं काऊन नाही?"

"तू चिडली असती."

"मंग भाकर टाकली काऊन?"

"तू तशीच झाकून चालली गेली," ती म्हणाली. "तोंड शिवाच्या आधी गोधडीच्या पोटात घास ठेवा लागते ना. तिले उपाशी कसं ठेवू?"

गोधडी म्हणाली ती. साबण नव्हे.

मी मलम आणलं आणि तिच्या बोटाला लावता लावता रडत राहिले. प्रदर्शन गेलं ते गेलंच. तिनं दुसऱ्या हातानं कापलेल्या वड्या कुठं आहेत ते चाचपायला सुरुवात केली, तसा मी तो हात धरला.

"नको माय, महिनाभर तरी भाजते अजून."

"थांबतो," ती म्हणाली. "तवापर्यंत बोटबी बरं होईन. मंग पायतो, कशी झाली माही गोधडी."