दुसऱ्यांदा विचारजा

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात इंग्रजी व्याकरणाला माझ्या थोरल्या साडूंइतकं कोणी छळलं नसेल, आणि त्या छळात मधे उभा असल्यामुळे मीही बराच सोलून निघालो. त्यांचं हिंगणीला बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. मी वर्ध्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. नात्यानं धाकटा असूनही त्यांनी मला 'सर' करून टाकलं आणि प्रश्नांना वेळकाळ ठेवला नाही. एका तेरवीच्या पंगतीत कानाशी लागून म्हणाले, "सर, मेलेल्या माणसाले 'इज डेड' म्हणते का 'हॅज डायड'?" दोन्ही चालतं म्हटल्यावर वैतागले, "मंग दोन ठेवले काऊन?" वाढप्यानं आमच्याकडे पाहिलं आणि वरण न वाढताच पुढे गेला. एकदा कापसाच्या मार्केटमधून फोनवर ओरडले, "सूर्याले 'द' लावता, चंद्राले 'द' लावता, मंग हिंगणीले काऊन नाई? हिंगणीबी एकच हाय!" सराव चालायचा गिऱ्हाइकांवर. युरिया न्यायला आलेल्या शेतकऱ्याला अदबीनं "वुड यू लाइक सम युरिया?" विचारत, मग 'सम' की 'एनी' यावर अडत. तो बिचारा म्हणे, "भाऊ, देऊन राह्यले का दुसरीकडे जाऊ?"

या सगळ्याच्या मुळाशी होता एक भात. त्यांची मुलगी सावंगीला मोठ्या दवाखान्यात नर्स. तिथल्याच एका केरळच्या मुलाशी तिचं जमलं, आणि लग्नानंतर दोघं त्याच्या गावीच राहायला जाणार होती. साखरपुड्यानंतर ती चार दिवस त्यांच्या गावी जाऊन आली. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, आणखी भात हवा का? मुलगी आपल्या वळणाप्रमाणे 'नको' म्हणाली. आता आपल्याकडे पहिला नको म्हणजे नुसतं खाकरणं. खरं जेवण तिसऱ्या नकोनंतर सुरू होतं. त्या बाईंनी मात्र ते खरं मानून भांडं झाकून ठेवलं. चारही दिवस हेच. मुलीनं हा किस्सा हसत हसत सांगितला, सगळे हसले, पण बापाला काही हसू आलं नाही. "पोरगी उपाशी राह्यली, सर. जनमभर राहीन." विहीणबाईंना मराठी-हिंदी येत नाही, शिवाय त्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. मी म्हटलं, भाऊजी, मी सांगतो, नाहीतर मुलगीच सांगेल. तर म्हणाले, "पोरीनं सांगतलं तं ते खादाड दिसते. तुम्ही सांगतलं तं बाप मुका दिसते. आन् मी चुकीचं सांगतलं तं त्या बाईचं ध्यान चुकीवरच राहीन."

लग्न वर्ध्यात झालं. वऱ्हाड गाडीत चढायच्या वेळी प्लॅटफॉर्मवर भाऊजी विहीणबाईंसमोर उभे राहिले, टोपी काढली, आणि एकेक शब्द तोलून म्हणाले, "मॅडम, व्हेन शी सेज नो, प्लीज आस्क अगेन." एवढंच. महिनोन्महिने माझं डोकं खाल्लं ते एवढ्या एका वाक्यासाठी. त्यांनी चोरून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. एकही चूक नव्हती. विहीणबाईंना क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि त्यांनी भाऊजींचे दोन्ही हात हातात धरले. गाडी गेल्यावर हा माणूस पाण्याच्या नळाशी बराच वेळ तोंड धूत राहिला.

त्यानंतर प्रश्न थांबले. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटलं, पण आता फोन वाजला आणि तो त्यांचा नसला की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, हे खरं.

परवा मुलगी माहेरी आली म्हणून आम्ही हिंगणीला गेलो. गोळाभात केला होता. सगळ्यांचं वाढून झाल्यावर भाऊजी स्वतः भांडं घेऊन तिच्यापुढे वाकले. "वाढू का वं?"

"हो बाबा, वाढा ना," ती लगेच म्हणाली. मग हसून, "तिथं सासूबाई इतक्यांदा विचारतात, आता मी पहिल्यांदाच हो म्हणून टाकते."

"चांगलं हाय, चांगलं हाय," भाऊजी म्हणाले, पण वाढेनात. भाताचा डाव तसाच हवेत. आयुष्यभर त्या पोरीला आग्रह करकरून वाढलेलं, आता पहिल्याच होकारावर वाढायचं कसं? मग हळूच म्हणाले, "एकखेप नाई म्हण ना वं, बाई."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ताटावर आडवा हात धरला. "नको, बाबा."

मग त्यांनी पोटभर आग्रह केला.