मावशीची काच

माझ्या मावशीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या काचा पुसल्या आणि त्याचा तिला भारी तोरा होता. रद्दीचा कागद, व्हिनेगर आणि मनगटातला जोर, एवढ्यावर ती वृद्धाश्रमाच्या बावन्न खिडक्या सांभाळायची. "काच बसवलीय की नाही, असा प्रश्न पडला पाहिजे माणसाला," असं म्हणायची. आमच्याकडे आली की चहाच्या आधी आमच्या खिडक्यांकडे बघून नाक मुरडायची. आई चिडायची, पण फडकं आणून द्यायची.

तळमजल्यावर बागेकडच्या खोलीत एक निवृत्त शिक्षक अंथरुणाला खिळून होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. थंडी पडली की बागेत राखाडी रंगाचे, मुठीत मावतील एवढे पक्षी यायचे. बंद खिडकीतून त्यांचं गाणं ऐकू येत नसे. पण पाखराचा गळा फुगलेला दिसला की मास्तर चादरीवर बोटाने ताल धरायचे. त्यांना भेटायला दुसरं कोणी येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मावशीने मास्तरांची काच जीव ओतून घासली. दुसऱ्या दिवशी बाहेर झाडायला गेली, तर खिडकीखाली एक पाखरू मरून पडलेलं. आठवड्यात आणखी दोन. काचेत झाडं दिसत होती, आभाळ दिसत होतं, आणि पाखरं सरळ त्यात घुसायला जात होती. तिसरं आपटलं तेव्हा मावशी खोलीत लादी पुसत होती.

मास्तर झोपेतून दचकले. "काय आपटलं गं?"

"माझी बादली, मास्तर."

तिने काचेवर बाहेरून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. मुकादमाने त्या दुपारच्या आत ओरबाडून काढल्या. "ही काय बालवाडी आहे? परत दिसल्या तर घरी बसायचं!" मग मावशीने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. काचेवर साबणाच्या पाण्याचा हात फिरवला आणि तो तसाच वाळू दिला. पाखरं मरायची थांबली.

"आज काही दिसत नाही गं," मास्तर म्हणाले.

"धुकं पडलंय."

खरं सांगितलं असतं तर मेलेल्या पाखरांचंही सांगावं लागलं असतं. ते तिच्या जिवावर आलं. तिचं धुकं बारा दिवस टिकलं. तेराव्या दिवशी गेली, तर मास्तरांनी पलंग फिरवून घेतलेला. तोंड भिंतीकडे.

"माझं लांबचं दिसायचं बंद झालं," ते म्हणाले. "धुकं म्हणतेस ते मला बरं वाटावं म्हणून. न कळायला मी काय खुळा आहे? आता खिडकी कशाला हवी?"

मला हे सांगताना मावशी इथे रडायला लागली. "इकडे आड, तिकडे विहीर गं. काय करायला हवं होतं मी?"

तिने काच पुसली. डाग राहिला नाही. पलंग ढकलत पुन्हा खिडकीकडे आणला.

"अगं, दिसतंय!" मास्तर ओरडलेच. "तो बघ, फांदीवर! गातोय!" आणि बोटं चादरीवर नाचायला लागली.

मावशी बाहेर गेली आणि हातातलं फडकं हलवत खिडकीसमोर उभी राहिली. जवळ येईल त्या पाखराला हुसकत होती. मास्तरांना वाटलं, ही पुसतेच आहे. हसत हसत त्यांचा डोळा लागला. तासाभराने मुकादमाने हाक मारली, "बाकीच्या एक्कावन्न कोण पुसणार? मी?"

मावशी आत आली. बादली उचलून मास्तरांच्या दारापर्यंत पोहोचली, तेवढ्यात मागे काचेवर आवाज झाला.

"काय आपटलं गं?" मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं. आवाजात झोप होती आणि समाधान होतं.

"माझी बादली, मास्तर," मावशी म्हणाली. बादली तिच्या हातातच होती.